किमोनोच्या दुकानातून हेवी मेटलकडे

जपानच्या चिबा प्रांतात समुद्रकाठी तातेयामा नावाचं गाव आहे. तिथल्या बालवाडीत योशिकी आणि तोशीची गट्टी जमली. योशिकीच्या वडिलांचं किमोनोचं दुकान. मुलगा पियानो शिकत होता. तो दहा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे ‘किस’ या अमेरिकी बँडची रेकॉर्ड हाती लागली आणि पोरगा ड्रम बडवू लागला.

दोघांनी शाळेतच बँड काढला. आधी ‘डायनामाइट’, मग ‘नॉइझ’, आणि १९८२ मध्ये ‘एक्स’.

टोकियोत सुरुवातीला त्यांची थट्टाच झाली. टीव्हीच्या एका विनोदी कार्यक्रमासाठी त्यांनी चक्क खाणावळीत हेवी मेटल वाजवलं! रंगवलेले चेहरे, स्प्रे मारून ताठ उभे केलेले केस, आणि समोर जेवणारी गिऱ्हाइकं. बाकीच्या मेटलवाल्यांनी नाकं मुरडली. मला मात्र ही जाहिरात बेरकीच वाटते.

मोठ्या कंपनीची वाट न पाहता योशिकीनं स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली, ‘एक्स्टसी’. तिनंच १९८८ मध्ये ‘व्हॅनिशिंग व्हिजन’ हा त्यांचा पहिला अल्बम आणला. वर्षभरात सोनी दारात हजर! अमेरिकेत ‘एक्स’ नावाचा बँड आधीच असल्यानं १९९२ मध्ये ते ‘एक्स जपान’ झाले.