गिरणीचा भोंगा थांबल्यावर

तिगावहून नागपूरकडे निघालेली गाडी पांढुर्णा, नरखेड, काटोल अशी कापसाच्या व संत्र्यांच्या मुलखातून जाते. १९५६ पूर्वी या साऱ्या मुलखाची राजधानी नागपूरच होती. पुढे राज्ये निराळी झाली. रूळ मात्र तेच राहिले.

श्रोतेहो, कापूस पिकतो तेथेच सूत निघावे, या हिशेबाने जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. घेतलेली जागा दलदलीची होती. तीत मातीची भर पडू लागली, तेव्हा ‘हे तर सोने मातीत घालणे’ असे म्हणून एका सावकाराने कर्ज नाकारल्याची कथा टाटांच्या चरित्रात आहे. माती घालून टाटांनी सोने काढले, अशी कबुली पुढे त्यानेच दिली. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. त्याच दिवशी सुरू झालेल्या गिरणीला ‘एम्प्रेस’ हे नाव मिळाले. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी तेथे १८८६ सालीच निघाला.

ही गिरणी पुढे राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. आज त्या आवारात ‘एम्प्रेस सिटी’ हे व्यापारी संकुल आहे. नाव टिकले; पण ज्यांच्या घरचा दिवस भोंग्यावर उगवत असे, त्यांची ओळख त्या नावात कितीशी उरली?

इंग्लंडमधील सॉल्टेअर येथे १८५३ साली उघडलेली लोकरीची गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. दुसऱ्याच वर्षी तिच्या दालनात चित्रे लागली. पुढे पुस्तकांची दुकाने व उपाहारगृहेही आली. भोवतीच्या कामगारवस्तीसह ते गाव २००१ पासून जागतिक वारसा म्हणून गणले जाते. हे साधले, कारण गिरणीची इमारतच त्यास अनुकूल असते. जाड भिंती, लोखंडी खांब, आडभिंतींवाचूनची लांबरुंद दालने आणि भरपूर उजेड देणाऱ्या मोठ्या खिडक्या! यंत्रे हलली की तेथे शाळा, वाचनालय वा लहान उद्योग सुखाने नांदू शकतो.

बंद पडलेली प्रत्येक गिरणी पुन्हा चालू करता येणार नाही, आणि प्रत्येक भिंत राखणेही शक्य नाही. परंतु पाडण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: या वास्तूत आणखी कोणते काम होऊ शकेल, आणि जे येथे राबले त्यांच्या मुलाबाळांना त्या कामात वाटा मिळेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तरच जुन्या गिरणीला नवे आयुष्य मिळाले असे म्हणता येईल.