बूट कुठे अडते?

लिनक्सचा संगणक बटण दाबताच सुरू होतो असे वाटते. प्रत्यक्षात काम हातोहाती पुढे जाते. मदरबोर्डवरचे फर्मवेअर बूटलोडरला हाक देते, बूटलोडर कर्नल आणि इनिटरॅमएफएस ही तात्पुरती फाइलसिस्टिम मेमरीत आणतो, कर्नल रूट फाइलसिस्टिम जोडून घेतो आणि मग सिस्टिमडी पुढचा संसार मांडते. दुरुस्तीत पहिला प्रश्न एकच: गाडी यांपैकी कुठे अडली? पडद्यावरचा शेवटचा संदेश बहुधा तेच सांगत असतो, आणि घाईत नेमका तोच वाचायचा राहतो.

जुन्या बायोस पद्धतीत सगळी भिस्त डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांवर असते. त्यांतले ४४६ बूट कोडचे, ६४ पार्टिशन टेबलचे, उरलेले २ खुणेचे. टेबलातली नोंद १६ बाइटांची, म्हणून प्रायमरी पार्टिशने चारच. ग्रब हा लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर एवढ्याशा जागेत मावत नाही. त्याचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या पट्टीत बसतो. जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलाची डिस्क बायोसवरून बूट करायची तर त्यासाठी छोटेसे बायोस बूट पार्टिशन वेगळे काढावे लागते. यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये हा खटाटोप नाही. तिथे बूटलोडर फॅट पार्टिशनमध्ये साधी फाइल म्हणून राहतो.

‘ग्रब रेस्क्यू’ हा प्रॉम्प्ट दिसला की अनेकजण थेट नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. बहुतेकदा त्याची गरज नसते. एखादे पार्टिशन काढल्याने क्रमांक बदललेले असतात आणि ग्रबला आपलीच मॉड्यूल्स सापडत नसतात. ‘एलएस’ दिल्यावर पार्टिशनांची यादी येते. एकेक उघडून बूट/ग्रब फोल्डर कुठे आहे ते पाहायचे, ‘रूट’ आणि ‘प्रिफिक्स’ त्यानुसार बदलायचे, ‘नॉर्मल’ मॉड्यूल चढवून तीच आज्ञा द्यायची, की नेहमीचा मेनू येतो. मात्र ही डागडुजी त्या एका वेळेपुरती. सिस्टिम सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवावा लागतो, आणि बायोसच्या यंत्रावर तो अख्ख्या डिस्कवर बसवायचा, पार्टिशनवर नव्हे.

मेनू येऊन पुढे कर्नल पॅनिक झाले आणि रूट फाइलसिस्टिम जोडता येत नाही असा संदेश आला, तर संशय इनिटरॅमएफएसवर किंवा रूटच्या चुकलेल्या पत्त्यावर. त्याही पुढे जाऊन दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड आला, तर कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सांगणारी एफएसटॅब ही फाइल तपासावी: नव्याने फॉरमॅट केलेल्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलतो, जुनी नोंद तशीच राहते. काढता-घालता येणाऱ्या डिस्कच्या नोंदीत ‘नोफेल’ लिहिले असेल, तर हा प्रसंग येत नाही.

पार्टिशन टेबलच पुसले गेले तर? सातबारा हरवला म्हणून जमीन कुठे जात नाही. यंत्र अजून चालू असेल तर बंद करू नये. कर्नलकडे जुने आकडे बहुधा शाबूत असतात आणि सिस डिरेक्टरीत प्रत्येक पार्टिशनचा आरंभ व आकार वाचता येतो. ते लिहून घेऊन तसेच टेबल पुन्हा मांडता येते. जीपीटी असेल तर डिस्कच्या शेवटी टेबलाची दुसरी प्रतही असते. बंद केलेच असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून टेस्टडिस्क चालवावे. ते फाइलसिस्टिमच्या खुणा हुडकून सीमा सुचवते. सीमा पक्क्या होईपर्यंत फाइलसिस्टिम तपासणाऱ्या एफएससीकेला दुरुस्तीची मुभा देऊ नये, आणि माउंट केलेल्या पार्टिशनवर तर कधीच नाही. डिस्क वाचताना त्रुटी येत असतील, तर आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे.