लेजर आणि लेझर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिकेचा फॉर्म भरून घ्यायला कमिटीतला एक तरुण आमच्याकडे आला होता. नाव, शिक्षण, व्यवसाय झालं. मग म्हणाला, "काका, लेझरमध्ये काय लिहू?" मी बँकेतला माणूस. म्हटलं, "बाबा रे, लेजर लिहिणं सोडून बरीच वर्षं झाली!" तो हसला. "लेजर नाही काका, लेझर. मोकळा वेळ." मी लगेच सांगितलं, वाचन आणि फिरणं.

मग त्याने सौभाग्यवतींना विचारलं. ती गप्पच. मी म्हटलं, "लिहा, टीव्ही बघणे." तर म्हणाली, "अहो, टीव्ही बघताना मी भाजी निवडत असते." तो रकाना कोराच राहिला.

रात्री मी डिक्शनरी काढली. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे अर्थ 'परवानगी असणे'. 'लायसन्स' हा शब्दही त्याच मुळातला. म्हणजे लेझर हा नुसता रिकामा वेळ नव्हे. कुणाला हिशेब न देता आपल्या मनाप्रमाणे घालवायची मुभा असलेला तो वेळ.

आपल्याकडे फुरसत आहे, सवड आहे, विरंगुळा आहे. पण 'उसंत' या शब्दात ही परवानगी बरोबर येते. आपण म्हणतो, पावसाने उसंत दिली नाही. वेल्ह्यात हे सांगायला नको. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की परवानगी देणारा साहेब एकच, पाऊस. फार जोर झाला की माणसं बांधावरून घरी यायची. पुरुष ओसरीवर टेकायचे. बायका मात्र पायाचा चिखल धुऊन थेट चुलीपुढे बसायच्या. पावसाने उसंत दिली, पण ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

आज आपल्याला रविवार आयता मिळतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो नव्हता. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून ही मागणी लावून धरली. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली.

म्हणजे सुट्टी मागायला त्या बायाही उभ्या होत्या. पण गिरणीचा भोंगा रविवारी थांबला, तरी त्यांच्या घरची चूल थांबली असेल का? आणि आपल्या घरी काय वेगळं आहे? रविवारी नाष्टा जरा जास्त, पाहुणे जास्त, भांडीही जास्त.

मी दुसऱ्यांना उपदेश करत नाही. बँकेतली कॅश टॅली करून घरी आलो की माझं काम संपायचं. हातात चहा यायचा. तो करणारीचं काम कधी संपतं, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. आयुष्यभर लोकांचे हिशेब पैशापैशाने जुळवले, घरातलं हे खातं कधी उघडूनच पाहिलं नाही.

आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. पाण्याची टाकी झाली, रंगकाम झालं, गच्चीवर बाकं आली. तिथून समोर तोरणा दिसतो. संध्याकाळी त्या बाकांवर कोण बसलेलं असतं, ते एकदा बघा. आम्ही म्हातारे पुरुष!

म्हणून एक सूचना मांडतो. दर रविवारी संध्याकाळी बाकं भगिनींसाठी, आणि स्वयंपाकघर आमच्याकडे. तिथे बसून त्या काय करतात, हे कुणी विचारायचं नाही.

ही सूचना मी आधी घरी वाचून दाखवली. सौभाग्यवतींनी एकच प्रश्न केला, "आणि भांडी कोण घासणार?"

मंडळी, तेवढं ठरवूनच आज घरी जाऊ या.