खेड्यांतील चार विषारी साप

मृगाचा पाऊस पडून पेरण्या सुरू झाल्या, कीं बिळांत पाणी शिरतें आणि साप बांधावर, गोठ्यांत व घरांत आसरा शोधूं लागतात. त्याच दिवसांत शेतकऱ्याचें अनवाणी पाऊल चिखलांत असतें. दोघांची गांठ पडते ती अशी. तींत वैर कोणाचेंच नसतें.

महाराष्ट्रांत सापांच्या जाती पुष्कळ. पण माणसाचे प्राण घेणारे मुख्यतः चार: नाग, घोणस, फुरसें व मण्यार. नाग फणा उभारून इशारा देतो. घोणस अंगानें जाड. तिच्या पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात व ती भात्यासारखा मोठा फूत्कार टाकते. फुरसें हातभर लांबीचें, पण अंगाचे वळसे एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखराट करतें. रत्नागिरीकडील कातळावर तें विशेष आढळतें. घोणस व फुरसें यांच्या दंशाची जागा सुजते, ठणकते, आणि रक्त गोठेनासें होऊन हिरड्यांतून व लघवीवाटे तें जाऊं लागतें.

मण्यार मात्र चौघांत निराळी. रंग काळा, चकचकीत. अंगावर पांढरे आडवे पट्टे. ती रात्रीं हिंडते व जमिनीवर निजलेल्यांच्या अंथरुणांत शिरते. तिचे दांत इतके लहान, कीं दंशाची खूण पुष्कळदां दिसत नाहीं. सूज नाहीं, वेदनाहि फारशी नाहीं. पहाटे पोटांत कळा येतात, पापण्या मिटूं लागतात, गिळतां येत नाहीं आणि शेवटीं श्वास थांबतो. घरचीं माणसें अपचन समजून ओवा देत बसतात.

मांत्रिकाच्या कीर्तीचें रहस्यहि येथेंच आहे. धामण व दिवड हे बिनविषारी साप. शिवाय विषारी साप दर दंशांत विष सोडतोच असें नाहीं. असे रोगी मंत्रावांचूनहि बरे होतात, पण यश मंत्राच्या पदरीं पडतें. पुढें मण्यार डसलेला रोगी त्याच भरंवशावर देवळांत बसविला जातो आणि मोलाची वेळ निघून जाते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतलीं होतीं.

विषावर खरा उतारा एकच, तो प्रतिविषाचा. चारहि सापांचें विष घोड्यांना अल्प प्रमाणांत टोंचून त्यांच्या रक्तापासून तें तयार करितात. एकच औषध चौघांवर चालतें. म्हणून साप मारून दवाखान्यांत नेण्याचें कारण नाहीं.

दंश झालेल्यास धीर द्यावा, चालूं देऊं नये, दंश झालेला हात वा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, अंगठी-बांगडी काढावी. करकचून दोरी बांधूं नये, जखम कापूं वा चोखूं नये. रात्रीं बाहेर पडतांना विजेरी, काठी व पायांत जोडा असावा. निजावयास खाट व नीट खोंवलेली मच्छरदाणी.

ऐकणाऱ्या प्रत्येकानें घरीं एवढें तरी सांगावें: पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पोटांत पहाटे कळ येऊन पापण्या मिटूं लागल्या, तर दंशाची खूण शोधीत बसूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, नाहीं तर मिळेल त्या वाहनानें दवाखाना गांठावा. दुखत नाहीं, म्हणून विष नाहीं असें होत नाहीं.