दहशतीच्या काळात आपले रोजचे जगणे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. विषय आमचा आम्हीच निवडला. त्याचे कारण आधी सांगतो.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला 26 माणसे गोळ्या घालून मारली गेली. त्यात महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्यांतले दोघे आपल्या पुण्याचे. त्याच आठवड्यात आमच्या आळीतल्या एक मावशी वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "दादा, पोरगी पिंपरीवरून मेट्रोनं शिवाजीनगरला कामाला जाते. पाठवू का नको?" आम्ही पटकन म्हणालो, "पाठवा हो, काही होत नाही." आणि मोकळे झालो. घरी आल्यावर मात्र मनाला खटकत राहिले. काही होत नाही, हे आम्ही कशाच्या जोरावर बोललो? ते खरे नव्हते. म्हणून आजचे भाषण म्हणजे त्या मावशींना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

पहिली गोष्ट अशी, की भीती वाटते यात लाज वाटण्यासारखे काही नाही. 13 फेब्रुवारी 2010, शनिवारची संध्याकाळ. कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत ठेवलेल्या पिशवीत स्फोट झाला आणि 17 माणसे गेली. त्या रात्री रहाटणीत घराघरात टी.व्ही. चालू होता. कोरेगाव पार्क आपल्यापासून लांब, तिथे चहा प्यायला आपल्यातले कितीजण जातात? पण भीतीला अंतर कळत नाही. रविवार फोन करण्यात गेला. सोमवारी पहाटे काळेवाडी फाट्यावर पहिल्या शिफ्टची माणसे नेहमीसारखीच उभी होती. हातात डबा, डोक्याला मफलर. कोणी फार बोलत नव्हते, एवढाच काय तो फरक.

पुढे 1 ऑगस्ट 2012 ला जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी एकामागून एक कमी ताकदीचे स्फोट झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने बसगाड्या धावल्या. जर्मन बेकरीसुद्धा 2013 साली पुन्हा उघडली.

आता इथे एक सांगावेसे वाटते. 11 जुलै 2006 ला मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दोनशेच्या आसपास माणसे मेली. दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा भरून धावली, आणि सगळीकडे मुंबईच्या हिमतीचे कौतुक सुरू झाले. कौतुक खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण बघा, ज्याची हजेरी रोजंदारीवर लागते, तो दुसऱ्या दिवशी कामाला गेला नाही तर संध्याकाळी चूल कशी पेटणार? हिंमत आणि गरज एकाच डब्यात लोंबकळत असतात. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आपल्या पोरांना हे समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा गरिबाच्या नाइलाजाला नुसती शाबासकी देऊन भागत नाही. त्याची बस, त्याचे स्टेशन, त्याचा बाजार सुरक्षित ठेवणे हे सरकारचे काम आहे, आणि ते मागणे हा आपला हक्क आहे.

मग हिंमत म्हणायची तरी कशाला? आम्हाला दोन माणसे आठवतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सी.एस.टी. स्थानकात गोळीबार सुरू झाला, तेव्हा विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक आपल्या खोलीतच थांबले. माईकवरून ते प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. कित्येक जीव त्यामुळे वाचले. त्याच रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिका ड्यूटीवर होत्या. हल्लेखोर आवारात शिरल्यावर त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना सुरक्षित जागी हलवले. पुढे कोर्टात कसाबविरुद्ध साक्षही दिली. या दोघांच्या हातात बंदूक नव्हती. एकाकडे माईक होता, एकीकडे वॉर्डाची जबाबदारी. त्यांनी आपले रोजचेच काम केले, फक्त त्या रात्री सोडून दिले नाही.

मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. अरण्यात एकटे असताना भीती कशी वाटायची, हे तथागतांनी त्यात स्वतः सांगितले आहे. चालताना भीती आली तर ते थांबत नसत, बसत नसत. चालता चालताच भीती सरेपर्यंत चालत राहत. उभे असताना आली, तर उभ्यानेच तिला तोंड देत. भीती येतच नव्हती, असे ते म्हणत नाहीत. आम्हाला हेच मोठे वाटते. काळेवाडी फाट्यावरची ती पहाट आणि हे सुत्त आम्हाला फार लांबचे वाटत नाहीत.

पण चालत राहणे म्हणजे डोळे मिटून चालणे नव्हे. मागे एकदा आम्ही बसने डांगे चौकाकडे जात होतो. सीटखाली एक काळी बॅग, मालक कोणी नाही. एक पोरगा उचलायला वाकला. कंडक्टर ओरडला, "हात लावू नको!" बस थांबवली, सगळ्यांना लांब उतरवले, पोलिसांना कळवले. तेवढ्यात रिक्षातून एक कामगार घामाघूम होऊन पोचला. बॅगेत डबा आणि बॉयलर सूट होता. लोक हसले, तो ओशाळला. पण कंडक्टरने केले तेच बरोबर होते. हात लावायचा नाही, लांब व्हायचे, इतरांना लांब करायचे, 112 ला फोन करायचा. आणि मोबाईलवर आलेला मेसेज खात्री केल्याशिवाय पुढे ढकलायचा नाही. अफवेने बॉम्बवाल्याचे काम फुकटात होते.

शेवटचा मुद्दा आम्हाला जड जातो, पण सांगतो. त्याच 2010 साली चाकणला हेल्परचे काम करणारा, मराठवाड्यातला एक पोरगा आमच्या शेजारी खोली बघायला आला. भाडे ठरले. मालकाने नाव विचारले. नाव मुसलमानाचे निघाले, तशी खोली 'दिली गेली' झाली. आम्ही तिथेच उभे होतो, आणि गप्प बसलो. पोरगा काही न बोलता पिशवी घेऊन गेला. बंधूंनो, आडनाव सांगितल्यावर खोली 'दिली गेली' होते, हे आपल्या बापजाद्यांनी सोसलेले आहे. तरी आमची जीभ उचलली नाही. याची खंत आजही आहे.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, तो नियम आहे. पण तो सगळ्यांना सारखा. संशयावर माणूस कसा भरडला जातो ते मालेगावात बघा. 8 सप्टेंबर 2006 ला तिथे कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले मुसलमान, आणि पकडलेले नऊ जणही मुसलमान. 2016 साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यातल्या आठ जणांना दोषमुक्त केले. नववा तोवर वारला होता. त्यांची गेलेली वर्षे कोण भरून देणार?

आणि 7 जुलै 2013 ला बुद्धगयेच्या महाबोधी विहार परिसरात पहाटे स्फोट झाले, भिक्खू जखमी झाले, तेव्हा आपलेही रक्त तापले होते. 2018 साली पाटण्याच्या विशेष न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. शिक्षा गुन्हेगारांना झाली, त्यांच्या जमातीला नाही. न्याय असाच असायला हवा. महाविहारात वंदना पुन्हा सुरू झाली, आणि आजही पहाटे माणसे बोधिवृक्षाखाली बसतात.

तर मावशी, आज आपण समोर बसला आहात, म्हणून सांगतो. काही होत नाही, हे आमचे बोलणे आम्ही मागे घेतो. तशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण पोरीला पाठवा. पोचल्यावर फोन करायला सांगा. बेवारस वस्तूला हात लावू नको म्हणून सांगा. आणि डब्यात शेजारी कोण बसले आहे हे बघून तिने अंग चोरू नये, हेही सांगा. ती संध्याकाळी परत येईपर्यंत आपल्याला काळजी वाटेल. वाटू द्या. आपण सगळेच ती काळजी घेऊन रोज ड्यूटीवर जातो.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय, जयभीम.