मोहफूल, भट्टी आणि आपला हिशेब

(नागपूर येथे मंडळीच्या महिला सहवासाच्या सभेत दिलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मागच्या सभेत एका भाऊंनी मला विचारलं होतं, "ताई, तुमच्या अहवालात अभ्यासवर्ग किती, शिबिरं किती, सगळं असतं. पण दारूच्या भट्ट्या किती बंद केल्या, तो आकडा का नसतो?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही पोटाला चिमटा घेऊन दान देता, तुम्हाला विचारायचा हक्क आहे. त्याचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून आज वेळ मागून घेतला.

तो आकडा पूर्वी असायचा. मीच लिहायची. पंधरा वर्षांपूर्वी, नवीन होते तेव्हा, धानोरा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांबरोबर मी नाल्यात उतरले. झुडपांत माठ पुरलेले होते, त्यात मोहसडवा आंबत होता. आम्ही सगळं ओतून दिलं, माठ फोडले, प्रार्थना केली, फोटो काढले. अहवालात लिहिलं : एक भट्टी उद्ध्वस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी एक विधवा बाई मुलीचा हात धरून केंद्राच्या दारात उभी. रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "ताई, माठ तुम्ही फोडले. आता हिच्या शाळेचं तुम्हीच पाहा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी त्या वर्षी शाळेतून गेली ती परत आली नाही. भट्टी मात्र महिन्याभरात परत लागली, नाल्याच्या वरच्या अंगाला.

आता मोहाबद्दल दोन शब्द, कारण शहरात आपण मोह म्हटलं की लगेच दारूच म्हणतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बायका-पोरं अंधारातच टोपल्या घेऊन जातात. ही फुलं वाळवून भाजून खातात, भाकरीत घालतात, बियांचं तेल काढतात. अडचणीच्या दिवसांत मोहानेच घरं जगली. आणि हो, दारूही काढतात. जन्म, लग्न, मयत, देवकार्य यांत ती लागते. प्यायच्या आधी पूर्वजांच्या नावाने थोडी जमिनीवर सांडतात. काना गावच्या लग्नात आपला प्रभू पाहुणा होता, तेव्हा या गोष्टीकडे नाक मुरडून बघायचं कारण नाही.

मग हा गुन्हा कधी झाला? दारू वाईट आहे म्हणून झाला, असं मला धर्मशास्त्राच्या डिप्लोमाला असताना वाटायचं. कागद वेगळंच सांगतात. इंग्रजांना अबकारीचा पैसा हवा होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची दारू काढणं मोडीत काढलं आणि ठेकेदाराची दारू विकत घ्यायला लावलं. १८९२ च्या मोहडा कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे फुलं साठवण्यावरच निर्बंध आणले. म्हणजे झाड तुमच्या बांधावर, फूल तुमच्या अंगणात आणि पोलीस दारात! आपल्याकडे मध्य प्रांतातही ठेकेदारीच होती. पुढे १९३८ मध्ये याच नागपुरात बसून मध्य प्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. हेतू बदलला, पकडली जाणारी बाई तीच राहिली.

अमेरिकेतही हेच घडलं, म्हणून ते सांगते. अ‍ॅपलाचिया नावाच्या डोंगराळ मुलखात गरीब शेतकरी मका पिकवायचे. डोंगर ओलांडून मक्याची पोती बाजारात नेणं परवडत नसे. त्याच मक्याची व्हिस्की केली की ओझं हलकं आणि पैसा जास्त. १७९१ मध्ये सरकारने तिच्यावर कर बसवला, १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात बंड झालं, आणि ते मोडायला अध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः फौज घेऊन निघाले. लोक मग कर चुकवून रात्री चांदण्यात भट्टी लावू लागले. चोरट्या दारूला तिथे 'मूनशाइन' म्हणतात. आमच्या नाल्यातल्या बाईचा हिशेब काही वेगळा आहे का? एप्रिलमध्ये व्यापारी देईल त्या भावात फुलं द्यायची, नाहीतर आंबवून चारपट पैसा करायचा.

त्याच अमेरिकेत १८७४ मध्ये ख्रिस्ती बायकांनी दारूविरोधी संघ उभारला. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ मध्ये तिकडे होत्या, त्यांनी त्या बायकांचं काम जवळून पाहिलं आणि परत आल्यावर आपल्या मराठी प्रवासग्रंथात त्याबद्दल लिहिलं. (आपल्या प्रभुभोजनात न आंबवलेला द्राक्षरस वापरतात, त्याची सुरुवातही तिकडचीच, १८६९ मध्ये वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याने तो काढला.) त्या बायकांचं दुःख खरं होतं. मार त्यांनी खाल्ला होता. १९२० मध्ये देशभर बंदी आली. मग काय झालं? टोळ्या श्रीमंत झाल्या, कारखान्याच्या विषारी अल्कोहोलची दारू विकली गेली, माणसं आंधळी झाली, मेली. १९३३ मध्ये बंदी उठली. आपल्याकडे २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं गेली. ती फुलांची नव्हती, रसायनाची होती.

म्हणून बंदी नको, असं मी म्हणतेय का? नाही. माझे वडील याच शहरात परवाना असलेल्या दुकानातली प्यायचे. आईच्या पाठीवर त्याचे वळ असायचे. परवाना असला म्हणून वळ कमी उठत नाहीत. त्यामुळे कुणी मोहाचं फार कौतुक करायला लागलं की मला राग येतो.

गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती वरून आली नव्हती. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते होते, पण गावोगावच्या बायका उठल्या म्हणून ती झाली. चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून चालत आपल्या नागपुरात अधिवेशनावर आल्या. तुमच्यापैकी काहींनी त्यांना रस्त्यात पाणी दिलं असेल. २०१५ मध्ये त्यांच्या जिल्ह्यात बंदी आली, २०२१ मध्ये सरकारने उठवली. त्यांना विचारलं कुणी? माझं म्हणणं एवढंच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित भागात नशेच्या पदार्थांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो वापरायचा असेल तर गावाने वापरायचा, केंद्राच्या ताईने नाही.

एका गावातल्या बायकांनी काय ठरवलं ते सांगते. देवकार्याला घरची चालेल, किती ते गायता आणि बायका मिळून ठरवतील. विक्री बंद. बाहेरून येणाऱ्या बाटल्या आणि काळा गूळ-नवसागर घालून काढलेली हातभट्टी, दोन्ही बंद, आणणाऱ्याला दंड. मला हे मान्य होतं का? सगळं नाही. देवकार्याच्या भागावर आमच्या कमिटीत वाद झाला, अजून मिटलेला नाही. पण त्या गावात तो ठराव टिकलाय, आणि माझा नाल्यातला पराक्रम महिनाभरही टिकला नव्हता.

आणि त्याच बायकांनी आमच्यापुढे हिशेब मांडला. फुलं जमिनीवर वाळवली की माती लागते, भाव पडतो. साठवायला कोरडी जागा नाही, म्हणून एप्रिलमध्येच विकावी लागतात. तीच फुलं पावसाळ्यात व्यापारी चढ्या भावाने परत त्यांनाच विकतो. २०२१ पासून आपल्या राज्यात मोहफुलांच्या साठवणुकीवरचे जुने निर्बंध निघालेत, म्हणजे कायद्याची आडकाठी आता नाही. त्यांना झाडाखाली बांधायला जाळ्या हव्यात, वाळवायला ताडपत्र्या आणि एक पत्र्याची कोरडी खोली. भट्टीवर जगणाऱ्या बायकांची फुलं गटाने आधी घ्यायची, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

तेव्हा भाऊ, यंदाच्या अहवालातही फोडलेल्या माठांचा आकडा नसेल. किती किलो फुलं दसऱ्यापर्यंत विकायची थांबली आणि त्या घरांतली किती मुलं शाळेत आहेत, हे आकडे देईन. चुकले तर चुकले म्हणून लिहीन. खोलीसाठी गावाने जागा दिली आहे, मजुरी तेच करणार आहेत. पत्रे आणि जाळ्या आपल्याकडून हव्यात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फुलं पडायला लागतात. त्याआधी सामान पोचलं पाहिजे. यादी सभेनंतर दाराजवळच्या टेबलावर ठेवलेली आहे.