ज्ञानकोशातील नोंद आणि खेळाडू स्त्री
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी आम्ही निवडलेला विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या चरित्राला ज्ञानकोशात स्थान असावे काय, असा तो प्रश्न आहे. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, मायदेशातील अत्याचारांचे प्रश्न उभे असताना बर्फावरच्या खेळाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील, आणि त्याचे विचारणे गैर म्हणता येणार नाही. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. कोणाचे कर्तृत्व नोंदवून ठेवण्याजोगे आहे, हे ठरवितो कोण आणि कोणत्या मापाने? हा दुसरा प्रश्न मात्र आमच्या घरचाच आहे.

प्रथम खेळाविषयी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या आमच्या पिढीला बर्फावरील हॉकी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच काय ती ठाऊक. तथापि भारताच्या महिला संघाची भिस्त मुख्यत्वे लडाखच्या मुलींवर आहे आणि त्यांच्यात अनेकजणी बौद्ध घरातल्या आहेत. गोठलेल्या तळ्यांवर सराव करणाऱ्या या मुली २०१६ साली प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्यांपैकी एखादीचे चरित्र द्यावे अशी सूचना आली, तर कोशाचा संपादक आपली मोजपट्टी काढील. खेळाडू ऑलिंपिकमध्ये खेळली आहे काय? वरच्या श्रेणीच्या व्यावसायिक संघात होती काय? तिच्याविषयी इतरांनी स्वतंत्रपणे काही लिहिले आहे काय?

ही मोजपट्टी वरवर निःपक्षपाती दिसते. पण ती कोणाच्या अंगाची मापे घेऊन केली, ते पाहावे. बर्फावरील हॉकीत पुरुषांना ऑलिंपिकचे मैदान १९२० साली मिळाले, स्त्रियांना १९९८ साली. मैदानी हॉकीत पुरुष १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येच खेळले, स्त्रियांना १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकपर्यंत थांबावे लागले. मधल्या ७२ वर्षांत ज्या स्त्रिया उत्तम हॉकी खेळल्या, त्यांना संपादक विचारणार की तुम्ही ऑलिंपिकमध्ये होता काय! दार बंद ठेवावयाचे आणि आत का आला नाहीत म्हणून जाब विचारावयाचा, ही रीत आम्हांला नवी नाही.

येथे एक जुना संदर्भ आठवतो. मराठीत ज्ञानकोशाचे काम उभे करणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी त्याआधी अमेरिकेत जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात परमपूज्य बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला, तेव्हा सेनार, नेस्फील्ड आणि रिस्ले यांच्याबरोबर केतकरांचीही व्याख्या त्यांनी तपासावयास घेतली. केतकरांनी जातीचा विचार सुटा न करता व्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय बाबासाहेबांनी त्यांना मोकळेपणाने दिले. आणि केतकरांनी वेगळी म्हणून सांगितलेली दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवून दिले. त्या वेळी बाबासाहेबांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. कोशकाराची व्याख्या प्रमाण म्हणून डोक्यावर घ्यावयाची नाही, तिरस्काराने फेकूनही द्यावयाची नाही, तर ती उलगडून पाहावयाची, ही रीत आम्ही तेथून घेतो.

या इंग्लंडातील एक उदाहरण घेऊ. सेंट हेलेन्सची लिली पार ही मुलगी प्रेस्टन येथील डिक, कर कारखान्याच्या महिला फुटबॉल संघातून खेळे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या संघाचा सामना पाहावयास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले होते. वर्षही उलटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना अयोग्य ठरविला आणि आपल्या सदस्य संघांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. लिली पार खेळत राहिली आणि परिचारिकेची नोकरी करीत राहिली; १९७८ साली ती वारली. राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या सन्मानयादीत तिचे नाव २००२ साली आले, तिचा पुतळा २०१९ साली उभा राहिला. राष्ट्रीय चरित्रकोशाच्या धुरीणांनाही असेच मागे वळून पाहावे लागले. लेस्ली स्टीफन यांच्या संपादनाखाली १८८५ साली सुरू झालेल्या त्या कोशात स्त्रिया अगदी थोड्या होत्या. १९९३ साली केवळ सुटून गेलेल्या व्यक्तींसाठी हजारावर चरित्रांचा स्वतंत्र खंड काढावा लागला, आणि २००४ साली साठ खंडांची संपूर्ण नवी आवृत्ती निघाली. इंग्रजांचा हा एक गुण घेण्याजोगा आहे. यादी अपुरी आहे असे दिसले की ते पुरवणी काढतात.

आता ज्या खेळाडूसाठी आम्ही हा विषय घेतला, तिच्याकडे वळतो. ती बर्फावर नव्हे, मैदानावर खेळली. वंदना कटारिया हिचा जन्म १९९२ साली हरिद्वारजवळील रोशनाबाद या गावी एका दलित कुटुंबात झाला. २०१३ साली जर्मनीत झालेल्या कनिष्ठ विश्वचषक स्पर्धेत भारताच्या मुलींनी इंग्लंडला हरवून कांस्यपदक जिंकले, तेव्हा भारतातर्फे सर्वाधिक गोल तिचे होते. २०२१ च्या मे महिन्यात तिचे वडील वारले. ती बंगळुरूच्या सराव शिबिरात होती. महामारीच्या त्या दिवसांत तिला अंत्यदर्शनासही जाता आले नाही. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत ४-३ असा जिंकला. त्या चारांपैकी तीन गोल वंदनाचे होते. ऑलिंपिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच दिवशी ग्रेट ब्रिटनने आयर्लंडला हरविले, म्हणून भारताला उपांत्यपूर्व फेरी गाठता आली, हेही येथील मंडळींनी ध्यानात ठेवावे!

४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला. त्या संध्याकाळी रोशनाबादला वंदनाच्या घरासमोर काही माणसे जमली. कुटुंबीयांच्या तक्रारीनुसार त्यांनी फटाके वाजविले, नाच केला, जातिवाचक शिव्या दिल्या आणि संघात दलित फार झाले म्हणून संघ हरला असे ते म्हणाले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. दोनच दिवसांनी, ६ ऑगस्टला, कांस्यपदकाचा सामना ग्रेट ब्रिटनशी होता. दोन गोलांनी मागे पडलेला भारत ३-२ असा पुढे गेला, आणि तो तिसरा गोल वंदनाचा होता. शेवटी ब्रिटन ४-३ असे जिंकले. त्या दिवशी आपापल्या घरांत कोण कोणाच्या बाजूने ओरडत होते, याची चौकशी आम्ही करीत नाही. २०२२ साली तिला पद्मश्री मिळाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिचे आंतरराष्ट्रीय सामने ३२० आणि गोल १५८ झाले होते.

हिला ज्ञानकोशात स्थान असावे काय, यावर वादच संभवत नाही. कोणतीही मोजपट्टी लावा, ती उतरते. वाद आहे तो नोंदीत काय लिहावे याचा. आपल्यातील काही पालकांचे मत असे की, केवळ खेळ लिहावा; जात सात समुद्रांपलीकडे टाकून आलो, ती पुन्हा पुस्तकात कशाला काढावयाची? आपल्या मुलाला शाळेत कोणी त्यावरून डिवचू नये, ही या म्हणण्यामागील काळजी आम्ही ओळखतो. दुसरी काही मंडळी म्हणतात की, नोंदीचा पहिला शब्दच ‘दलित’ असावा.

आम्हांला दोन्ही मते मान्य नाहीत. पहिल्या ओळीत ‘भारतीय हॉकीपटू’ असेच हवे, कारण तिने जे मिळविले ते काठी आणि चेंडू यांच्या बळावर मिळविले. तिच्या नावामागे विशेषण म्हणून जात लावणे म्हणजे शिव्या देणाऱ्यांचीच वर्गवारी चालविणे होय. परंतु ४ ऑगस्टची घटना तारखेसह, तक्रारीसह, एका सरळ वाक्यात आली पाहिजे. ती गाळल्यास नोंद सभ्य दिसेल, पण खोटी होईल. ज्या स्त्रीच्या घरासमोर बुधवारी फटाके वाजले, तिने शुक्रवारी गोल केला, ही गोष्ट खेळाच्या नोंदीबाहेरची कशी म्हणावी? शिवाय हा वाद येथेही चालू आहे. समता कायद्यात जातीचा समावेश करावा, असे बंधन संसदेने २०१३ साली सरकारवर घातले. २०१८ साली सरकारने तसे न करता प्रश्न न्यायालयांच्या निर्णयांवर सोपविण्याचे जाहीर केले. शब्द न लिहिल्याने वस्तू नाहीशी होते, असे मानणारे लोक सर्वत्र आहेत.

जात वगळून नोंद कशी अपुरी होते, याचे जुने उदाहरण पाळवणकर बाळूंचे. चर्मकार समाजातील हा डावखुरा गोलंदाज १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून या देशात आला आणि त्याने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. धावफलकांनी त्याचे बळी इमानाने नोंदविले. पण पुण्याला चहा त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यातून बाहेर मिळे, आणि इतकी योग्यता असून हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्याला कधी मिळाले नाही, हे धावफलकात कोठून येणार? रामचंद्र गुहा यांचा क्रिकेटच्या इतिहासावरील ग्रंथ २००२ साली आला, तेव्हा कोठे बाळूंचे आयुष्य सर्वदूर वाचले गेले.

बाळूंचे नाव घेतले की आपल्या सभेत थोडी चुळबूळ होते, हे आम्ही जाणतो. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. म्हणून त्यांना वगळावे काय? मुळीच नाही. त्यांची उमेदवारीही लिहावी आणि ११४ बळीही लिहावेत. आपल्या पक्षाचा नाही म्हणून ज्याचे नाव खोडावयाचे, असा कोश आम्हांला नको. तसे कोश आमच्याविरुद्ध पुष्कळ लिहून झाले आहेत.

एक कटू वाटणारी गोष्टही बोलून टाकतो. प्रत्येक गुणी मुलीची नोंद ज्ञानकोशात होणे शक्य नाही, इष्टही नाही. ज्ञानकोश म्हणजे सत्कार समारंभ नव्हे. आपल्या परगण्याच्या संघातून खेळणाऱ्या मुलीचे कौतुक आपण जरूर करू, पण तिच्या वडिलांनी कोशाच्या संपादकाला पत्र धाडण्यात अर्थ नाही. संपादक विचारणार की हिच्याविषयी कोठे लिहिलेले आहे? आणि तो विचारतो त्यात चूक नाही. पुराव्याशिवाय लिहू नये, हे आम्हांला तथागतांच्या धम्मानेही शिकविले आहे. मात्र पुरावा आभाळातून पडत नाही, तो कोणीतरी तयार करावा लागतो.

तो कसा करावा, याचा वस्तुपाठ मराठीतच आहे. १८ ते २० जुलै १९४२ रोजी नागपुरास अखिल भारतीय दलित वर्गाचे अधिवेशन भरले. त्यातील महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो स्त्रिया तेथे आल्या होत्या. या चळवळीतील बहुसंख्य स्त्रियांची नावे कोणत्याही कोशात नव्हती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी त्या स्त्रियांच्या दारोदार गेल्या, वृद्ध कार्यकर्त्यांसमोर बसल्या, ऐकले, लिहून घेतले, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. आज कोणीही संपादक या स्त्रियांविषयी लिहू इच्छील, तर त्याच्या हाताशी तो ग्रंथ आहे.

म्हणून आमची सूचना लहान आहे. या स्मरणिकेची आठ पाने दरवर्षी स्त्रियांच्या चरित्रांसाठी राखावीत. या देशात प्रथम आलेल्या आपल्या आया, मावश्या, आत्या यांनी कोणत्या कारखान्यात, कोणत्या रुग्णालयात काम केले, पहिली बुद्धवंदना कोणाच्या बैठकीच्या खोलीत झाली, हे त्यांच्या संमतीने, तारखांसह लिहावे. मुलींच्या खेळाच्या बाबतीत संघ, वर्ष, प्रतिस्पर्धी आणि निकाल, एवढे चार रकाने पुरेत, विशेषणे नकोत. या देशाच्या कायद्याप्रमाणे येथे प्रसिद्ध होणाऱ्या छापील प्रकाशनाची एक प्रत महिन्याच्या आत ब्रिटिश ग्रंथालयात जमा करावयाची असते. स्मरणिका त्या नियमाखालीच येते. टपालाचा खर्च आम्ही देतो. प्रत बांधून पाठविण्याचे काम तरुणांपैकी कोणी अंगावर घ्यावे, आणि त्याचे नाव आजच्या सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!